गावाला राहिलेलं नाव

खामगावच्या माझ्या चुलतभावाला निवृत्त झाल्यापासून वंशावळीचं वेड लागलंय. घराण्याच्या ग्रुपवर रोज सकाळी एखादा खापरपणजोबा येऊन पडतो. कोणी गावात विहीर खणली, कोण कापसाच्या गाड्या घेऊन बाजारात जायचा, सगळं साग्रसंगीत. बायकांच्या जागी मात्र सासरचं नाव, नाहीतर नुसतंच 'पत्नी'. मी एकदा चिडून लिहिलं, "ह्यांना माहेरी काय बिननावाचं वाढवलं होतं?" त्यावर त्याने हात जोडल्याचं चित्र पाठवलं.

त्याला बोलून तरी काय उपयोग? माझ्या आईचं माहेरचं नाव मलाच ठाऊक नव्हतं. आमच्याकडे लग्नात ताटातल्या तांदळावर अंगठीने सुनेचं नवं नाव लिहीत, आणि त्या दिवसापासून जुनं बंद. लहानपणी मी विचारलं की आई हसायची. "ते गावाले राह्यलं," म्हणायची. गाव म्हणजे धामणगाव बढे. तिथे गेलं तर मामा तिला 'बाई' म्हणत आणि मामी 'नणंदबाई'. पुढे मीही विचारायचं सोडलं.

त्या नावाचा प्रश्न पुन्हा मनात आला बुलढाण्याच्या दवाखान्यात, आईच्या शेवटच्या दिवसांत. नर्स केसपेपरवरचं नाव घेऊन तिच्या कानाशी हाका मारायची. मी 'आई, आई' करायचे. ती उघड्या डोळ्यांनी छताकडे बघत राहायची, ओ द्यायची नाही. डॉक्टर म्हणाले, ऐकू जात नसेल. मला मात्र राहून राहून वाटायचं, आपण भलत्याच नावाने हाक मारतोय. माहेरच्या नावाने मारली असती तर तिने नक्की वळून पाहिलं असतं. आई गेली, पण ह्या विचाराने माझी पाठ सोडली नाही.

शेवटी ह्या हिवाळ्यात मी धामणगावची बस धरली. मामा-मामी आता नाहीत. मामेभावाच्या बायकोने मला आईच्या लहानपणच्या मैत्रिणीकडे नेलं. तिचं सासर गावातच, त्यामुळे तिचा जन्म त्याच दोन गल्ल्यांत गेला. ओट्यावर उन्हात बसून ती तुरीच्या शेंगा सोलत होती.

"काऊन वं, मायचं नाव माहीत नाही तुले?" असं म्हणून तिने ते सांगून टाकलं, सोलता सोलता. दोन अक्षरी, साधंसं नाव. मी ते इथे लिहीत नाही. चुलतभावालाही कळवलेलं नाही. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आता मला ते जरा एकटीने जपू दे.

मी मनातल्या मनात ते म्हणून पाहिलं. आईला ह्या नावाने एकदा तरी हाक मारायला मिळायला हवं होतं. फार उशीर झाला होता, आणि त्याचं मला फार वाईट वाटलं.

"मावशी," मी म्हटलं, "तुम्ही तिले खेळायले बोलावत होत्या ना, तशी एकदा हाक मारा."

ती लाजली. "लोकं हासतीन वं," म्हणाली. पण गुडघ्यावर हात टेकून उठली, ओट्याच्या कडेला गेली, आणि आईच्या घराकडे तोंड करून तिने हाक मारली. शेवटचं अक्षर लांबवत, चांगली मोठ्याने. शेजारीण काय झालं म्हणून दारात आली.

म्हातारीने माझ्याकडे वळूनसुद्धा पाहिलं नाही. "पयल्या हाकेले कधी ओ देल्लीच नाई तिनं," ती म्हणाली. "दुसरी मारा लागे."

आणि तिने दुसरी हाक मारली.

मी ओ दिली.