ताजुद्दीनचा डावा पाय

ताजुद्दीन माझा सख्खा थोरला भाऊ. दिघीत कुणालाही विचारा, सांगतील की फासे टाकावेत तर ताजूने. मला विचारू नका. विचारलंत तर माझं तोंड सुटेल आणि मग आवरायचं नाही.

देश स्वतंत्र झाला त्याच्या पुढल्या वर्षी तो जहाजावरची खलाशाची नोकरी सोडून घरी आला. बाकीचे जहाजावरून कापड आणत, घड्याळं आणत. याने आणले दोन लाल फासे. लढाईच्या दिवसांत कुठल्याशा बंदरात अमेरिकन खलाशांनी त्याला तो खेळ शिकवला होता. आमच्याकडे तो खेळत असे तो असा: पहिल्या फेकीत जो आकडा पडेल तोच पुन्हा पाडायचा, आणि त्याआधी दोन्ही फाशांचे मिळून सात झाले की डाव गेला. भाईचं म्हणणं असं, की माणूस नीट उभा राहिला आणि नीट टाकले, तर सात पडतच नाहीत.

आणि त्याचं ते उभं राहणं, काय सांगू तुम्हाला. ओटीवर घोंगडी अंथरायची, पलीकडे फळी उभी करायची. डावा पाय पुढे, अंगठा फळीकडे. उजवा मागे आडवा. गुडघे किंचित सैल, भार सगळा डाव्या पायावर. दोन्ही फासे एकमेकांना चिकटवून, तीनचे ठिपके वर आणून, पुढून तीन बोटं आणि मागून अंगठा. दाबायचे नाहीत, नुसते धरायचे. मग खांदा न हलवता हात पुढे न्यायचा आणि बोटं एकदम उघडायची. फासे जोडीने फिरत जात, घोंगडीवर पडत, फळीला जेमतेम शिवत आणि तिथेच बसत. बघायला छान दिसे, नाही म्हणत नाही मी. पण रोज सकाळी? तिकडे धक्क्यावर आमच्या मचव्याचे उतारू खोळंबलेत, भाबी चुलीपाशी धुराने डोळे पुसतेय, आणि हा मनगट कमावतोय. मी ओटी सारवली की वर मलाच ओरडायचा, माझ्या पायाची जागा पुसलीस म्हणून. नुसता संताप व्हायचा.

मचवा अब्बांचा होता. शिडाचा, दिघीहून आगरदांड्याला उतारू नेणारा. अब्बा गेले तेव्हा शरीयतप्रमाणे दोन वाटे भावाचे आणि एक माझा. पण आमच्यात बहिणी वाटा मागत नाहीत. मागितला की माहेर तुटतं. मी विधवा, माहेरीच राहणारी, कशाला मागते? गप्प बसले. गप्प बसली म्हणजे सोडला, असं तो धरून चालला.

गोवा घेतला त्याच्या पुढल्या वर्षी शेजारच्या नजमुद्दीनने इंजिनाची लाँच आणली. हाही जुना खलाशी, भाईच्याच जहाजावरचा. बहुतेक उतारू तिकडे वळले. भाईने काही हातपाय हलवावेत की नाही? बकरी ईदच्या दुसऱ्या दिवशी नजमुद्दीन चार माणसांबरोबर जेवायला आला, तर हा त्याला म्हणतो कसा, "नजू, तुझी लाँच आणि माझा मचवा. एकच डाव."

"सोड, ताजू," नजमुद्दीन म्हणाला. "तुझं घर चालतं मचव्यावर."

"माझ्या हातून सात पडत न्हाय."

मी आणि भाबी आतल्या दारात उभ्या. भाबीने, महेरुन्निसाने, माझा दंड असा आवळला की बोटं उठली. पहिल्या फेकीला सहा पडले. आमच्याकडे बघून तो हसलासुद्धा. मग पाय लावला, गुडघे सैल केले, फासे जुळवले. आठ पडले. पुन्हा पाय, पुन्हा बोटं. फासे तसेच जोडीने गेले, तसेच फळीला शिवले, तसेच बसले. चार आणि तीन.

मचवा गेला. आणि माझा भाऊ काय म्हणाला? पोरांच्या तोंडचा घास गेला, आणि तो म्हणाला, "भार उजव्या पायावर गेला वाटतं." वर उभा राहून दाखवायला लागला, कुठे चुकलं ते. फासा काय बैल आहे, शिकवला की वळायला? माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी डोक्यावर ओढणी घेतली आणि पुरुषांसमोर ओटीवर आले.

"नजमुद्दीनभाई, दोन वाटे याचे, ते याने घालवले. तिसरा माझा हाय. तो मी कुणाला दिलेला न्हाय."

"बानू, आत जा," भाई म्हणाला. "आपल्यात बहिणी वाटा मागतात?"

"आपल्यात भाऊ बहिणीचा वाटा फाशावर लावतात?"

नजमुद्दीनने घोंगडीवरचे फासे उचलून भाईच्या हातात दिले. म्हणाला, "हक्क हाय तिचा, ताजू. मचवा मी चालवीन, तिचा वाटा तिला पोचवीन." जुगारात जिंकलेलं हराम, त्याने सगळाच मचवा परत करायला हवा होता. पण तेवढं मोठं मन त्याचंही नव्हतं.

त्याच दिवशी भाईने माझी पेटी अंगणात आणून ठेवली. "वाटा घेतलास ना. आता इथे तुझं माहेर न्हाय."

मी आगरदांड्याला खोली घेऊन राहिले. लोकांचे कपडे शिवते, त्यात माझं भागतं. मचव्याचं जे येतं ते मी भाबीकडे पाठवते, कारण त्या घरात दुसरं काही येत नाही. कुठून येतं ते भाबीने त्याला केव्हाच सांगितलंय. तो माझ्या वाट्याची भाकरी खातो, आणि गावभर सांगतो की बहिणीने मला बुडवलं.