बरं हाय म्हणायचं न्हाय

बुडीमास्तरांना कुणी "काय मास्तर, बरं आहे ना?" असं विचारलं, तर ते तोंडानं उत्तर देत नसत. अंगठा आणि शेजारचं बोट जुळवून गोल करत, बाकीची तीन बोटं ताठ ठेवत आणि पुढे चालू लागत. नव्या माणसाला वाटे, मास्तर चिमूटभर तपकीर मागताहेत. पाण्याखाली तोंडात हवेची नळी असते, तिथे 'ठीक आहे' सांगायची ही खूण. नौदलात पाणबुड्याची नोकरी केल्यामुळे ती त्यांच्या हाताला कायमची चिकटली होती.

तेव्हा, म्हणजे सत्तरच्या दशकात, टेंभुर्णीच्या बाजूला भीमेवर धरणाचं काम चाललं होतं आणि मी तिथल्या वसाहतीच्या दवाखान्यात नर्स होते. मास्तर मूळचे माढ्याकडचे. निवृत्त होऊन घरी आले, तर ठेकेदारानं त्यांना पुन्हा पाण्यातच घातलं. पाण्यात पडलेलं अवजड सामान शोधायचं, बांधकाम खालून चाचपायचं आणि नदीकाठच्या काही तरण्या गड्यांना हेच काम शिकवायचं. हे गडी विहिरीत उड्या मारत मोठे झालेले. त्यांना पोहायला शिकवणं म्हणजे माशाला शिकवणं. शिकवायचं होतं ते पाण्याखाली बोलायला.

हा वर्ग दवाखान्यासमोरच्या लिंबाखाली भरे, आणि हातातलं काम टाकून मी तो खिडकीतून बघत असे. आडवा पंजा हलवला की काहीतरी बिघडलंय. मग जिथं बिघडलंय तिथं बोट ठेवायचं. डोक्याभोवती बोट फिरवलं की चक्कर. येणारेजाणारे हसत, कारण आमच्याकडे ही खूण डोकं फिरलेल्या माणसासाठी राखून ठेवलेली. अंगठा उभा केला की 'मला वर न्या'. त्यावर महादू नावाचा सगळ्यात तरबेज गडी लाजून म्हणाला, "मास्तरांना ठेंगा कसा दावू?" मास्तर गरजले, "दाव की! खाली ऱ्हान्यापरीस ठेंगा बरा."

एकदा हाच महादू अंगात सर्दी असताना पाण्यात उतरला. खाली मास्तरांनी खुणेनं विचारलं, ठीक? त्यानं गोल करून दाखवला. पुन्हा विचारलं, पुन्हा गोल. वर आला तेव्हा नाकातून रक्त येत होतं आणि तो कान धरून कळवळत होता. मी कापूस लावत असताना मास्तरांनी विचारलं, "कान कवापासनं दुकत हुता?"

"उतरल्यापासनं."

"मग बरं हाय म्हून का सांगितलंस?"

"तुमी एवडं मायेनं इचारताय, आन् मी न्हाय कसं म्हणू?"

मला त्याचं हसू आलं नाही. आमच्या सोलापूरकडची रीतच ही. माणूस तापानं फणफणत दवाखान्याची पायरी चढतो, तुम्ही विचारता कसं आहे, तो म्हणतो, बरं हाय. आपलं दुखणं सांगून समोरच्याला कशाला तोशीस द्यायची! कोरड्या जमिनीवर ही रीत गोड वाटते, पाण्याखाली ती जीव घेईल.

दुसऱ्या दिवसापासून मास्तरांचा फतवा निघाला. "हितं बरं हाय म्हणायचं न्हाय. आदी दुकनं काडा." रोज सकाळी प्रत्येकानं एक तरी दुखणं खुणेनं सांगायचं, नसेल तर आठवून सांगायचं. मग काय, दाढा निघाल्या, पोटातली गुडगुड निघाली, टाचेतले काटे निघाले. एकानं छातीवर हात ठेवला म्हणून मी स्टेथोस्कोप घेऊन धावले, तर त्याचं ठरलेलं लग्न मोडलेलं! मास्तर म्हणाले, "ते बी दुकनंच की, शिस्टर. असल्या गड्याला खाली सोडू न्हाय."

गुरुजींचा स्वतःचा अभ्यास मात्र कच्चा होता. एक दिवस कानात घालायचे थेंब मागायला आले. "घरात दुकतोय कान," म्हणाले. घरात म्हणजे वहिनींचा. वहिनी अक्कलकोटकडच्या, मराठीला कानडी हेल. पुढे त्या खोकल्याचं औषध न्यायला आल्या, तेव्हा मी कानाची चौकशी केली.

"माझं कान?" त्या म्हणाल्या. "माझं कान झकास हाय की! ह्यांच्याच उशीला डाग पडतंय."

मी मास्तरांना गाठलं. पडदा फाटला असणार. गार पाणी आत शिरलं तर खाली गरगरायला लागेल, वर कुठलं नि तळ कुठला ते कळणार नाही, असं बजावलं.

"ठावं हाय," ते म्हणाले. "पन धरनावरच्या साहेबांच्या कानावर गेलं की मला काठावर बसवनार. काठावर बसून मी काय करू, शिस्टर? मला दुसरं काय येतंय?"

"उद्या तुम्ही साहेबांना सांगा. नाहीतर मी सांगते."

त्यांनी बोटांचा गोल करून दाखवला. त्यांची ती खूण मला पहिल्यांदाच खोटी वाटली.

दुसऱ्या दिवशी मी दवाखाना उघडण्याआधीच मास्तर पाण्यात उतरले होते. बरोबर महादू होता. पुढचं त्यानंच मला सांगितलं. खाली गढूळ पाण्यात मास्तरांनी एकाएकी दोर घट्ट धरला. डोळ्यांवरच्या काचेमागं त्यांचे डोळे मोठे झाले. महादूनं खुणेनं विचारलं, ठीक? मास्तरांचा हात गोल करायला उठला, आणि मध्येच थांबला. मग पंजा आडवा झाला आणि हलला. बोट कानाकडे गेलं, डोक्याभोवती फिरलं. शेवटी त्यांनी आपल्याच चेल्यापुढे अंगठा उभा केला. महादूनं त्यांना दंडाला धरून सावकाश वर आणलं.

मी धावत काठावर पोचले तेव्हा मास्तर ओकत होते. साहेब विचारत होते, "काय झालं मास्तर?"

"काय न्हाय, बरं हाय. पित्त झालंय."

मी तोंड उघडणार, तोच महादू बोलला. वडीलधाऱ्यांपुढे ज्याचा आवाज कधी निघाला नव्हता, तो महादू. "न्हाय साहेब. मास्तरांचा कान फुटलाय, चक्कर हाय. त्यांनीच मला खाली सांगितलंय."

मास्तरांनी त्याच्याकडे असं पाहिलं, की मला वाटलं, आता हात उगारतात. महादू रडत होता, पण जागचा हलला नाही.

मास्तरांचं पाणी सुटलं ते तेव्हा. साहेबांनी गोदामावर काम देऊ केलं, ते त्यांनी घेतलं नाही. गावी निघाले तेव्हा मी टेंभुर्णीच्या स्टँडवर निरोप द्यायला गेले. वहिनी सामान घेऊन आधीच एसटीत बसल्या होत्या. मी विचारलं, "महादूवर राग आहे का?"

"हाय की. लई हाय. माजं पानीच तोडलं त्यानं." एसटीकडे वळता वळता ते म्हणाले, "पन साहेबांना सांगून आलोय, आता ह्येला मास्तर करा. त्याच्या जागी मी असतो, तर माज्या तोंडातनं 'न्हाय' निगालं नसतं."

कंडक्टरनं घंटी दिली. मास्तर चढले, खिडकीशी बसले. गाडी हलताना त्यांनी मान बाहेर काढली.

"शिस्टर," ते म्हणाले, "दुकतंय ओ. लई दुकतंय."

इतकी वर्षं नर्सचं काम केलं, पण कुठं दुखतंय, ते काही मी त्यांना विचारलं नाही.