मैत्रिणीसाठी मागितलेली प्रार्थना

गेल्या हिवाळ्यात आंघोळ करताना माझ्या हाताला छातीत गाठ लागली आणि त्या दिवसापासून झोपच उडाली. घरात मुलीच्या लग्नाची बोलणी चालली होती. कुणाला सांगितलं तर ते खरं होईल, असं काहीतरी वेड डोक्यात बसलं. माझी आई अशाच गाठीनं गेली, त्यामुळे पुढचं सगळं मला पाठ होतं. प्रार्थनेला डोळे मिटले की ती गाठच समोर यायची.

आमच्या चर्चच्या मंडळीत बायकांना आजारी सभासदांची घरं भेटीसाठी वाटून दिलेली असतात. माझ्या वाट्याला आल्या सगुणामावशी. वर्षापूर्वी त्यांचं छातीचंच ऑपरेशन झालं होतं. खरं सांगते, पंधरा दिवस मी त्यांना टाळलं. आज पाहुणे आलेत, उद्या स्कूटर बिघडली, अशा थापा मारल्या. शेवटी पाळकांच्या पत्नीनं टोकलं, तेव्हा मन घट्ट करून सावेडी भागातल्या त्यांच्या घरी गेले.

मावशी मूळच्या कर्जतकडच्या, बोलायला फटकळ. मी बायबलमधलं स्तोत्र वाचलं, प्रार्थना केली आणि पळायच्या बेतात होते, तर त्यांनी माझा हात धरला. "माजं झालं. आता तुजा विषय सांग." भेटीला गेलं की कशासाठी प्रार्थना करायची, तो विषय विचारायचा, ही आमची रीतच. पण तो आपण विचारायचा असतो, आजारी माणूस उलटा आपल्याला विचारत नाही. मी गांगरले. तोंडातून निघून गेलं, "माझ्या एका मैत्रिणीला गाठ आहे. घाबरलीय ती, डॉक्टरकडे जात नाही."

रविवारी मावशींनी भर उपासनेत माझ्या त्या मैत्रिणीसाठी प्रार्थना मागितली. सगळी मंडळी उभी राहिली. मीही राहिले, काय करणार? पुढच्या रविवारी बायकांनी चर्चच्या दारातच गाठलं, कशी आहे तुमची मैत्रीण? देवाच्या घरात उभी राहून मी खोटं बोलत होते. तीन आठवडे असेच गेले. गाठ वाढत होती, की भीतीनं मला तसं वाटत होतं, कोण जाणे.

मग एका सोमवारी सकाळी मावशी रिक्षा करून आमच्या दारात हजर. जिना चढून धाप लागलेली. "चल तुज्या मैत्रिणीकडं. लई दिस झाले, मीच नेते तिला डॉक्टरकडं." "मावशी, ती मीच आहे," म्हणाले आणि उंबऱ्यातच खाली बसले.

त्यांना खरंच ठाऊक नव्हतं. आधी चिडल्या, "कुनाला फसवत हुतीस गं इतके दिस?" मग माझ्याजवळ बसून रडल्या. म्हणाल्या, "मला पन लई भ्या वाटतं, दर तपासनीला. पन ऊठ, रिक्षा खाली उभी हाय."

गाठ वाईटच निघाली, पण वेळेत आलात, असं डॉक्टर म्हणाले. ऑपरेशनच्या आधीच्या रविवारी मी सगळ्यांसमोर खरं काय ते सांगून टाकलं. आता औषधं चालू आहेत, मुलीचं लग्नही पार पडलं. ज्या दाराला मी पंधरा दिवस घाबरले, तिथूनच प्रभूनं माझ्यासाठी माणूस पाठवलं, आणि मी तर प्रभूकडे स्वतःच्या नावानं काही मागितलंही नव्हतं. तपासणीची तारीख जवळ आली की अजून झोप उडते. तेव्हा मी मावशींना फोन करून सांगते, मला भीती वाटतेय. देवाला शरण जाणं मला आजवर एवढंच जमलंय, आणि तेवढ्याबद्दलही मी प्रभूचे रोज आभार मानते.