शेवटच्या दोन पाकळ्या

संग्रहालयात सगळे तिला भिंगबाई म्हणत. काळ्या दोरीला बांधलेलं भिंग तिच्या गळ्यात कायम लटकलेलं असायचं, जेवायला बसली तरी ती ते काढायची नाही. देशात आपसूक उगवणाऱ्या फुलझाडांचा एक मोठा ग्रंथ खंडाखंडाने निघत होता आणि त्यातली चित्रं काढणं हे तिचं काम. बहुतेक फुलं तिच्यापुढे यायची ती जाड कागदावर चिकटवलेली, वाळून तपकिरी झालेली. ती एखादं फूल कोमट पाण्यात भिजवायची, मऊ झालं की सुईने हळूच उलगडायची आणि चित्रात त्याला पुन्हा देठावर उभं करायची.

नवरा बसवर कंडक्टर होता, भारी बोलका. "त्या गवताच्या फुलाकडे बघतेस तसं एकदा माझ्याकडेही बघ की," म्हणायचा आणि स्वतःच हसायचा. एका दुपारी ड्युटीवरच त्याला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि तो खाटेवर छताकडे बघत पडून राहिला. धाकटी नणंद एकटीच होती. ती आपलं शिवणाचं मशीन उचलून भावाकडे राहायला आली. दिवसा ती त्याचं बघायची, संध्याकाळपासून भिंगबाई.

सुरुवातीला भिंगबाई न्हाणीघरात नळ सोडून रडायची. पुढे तेही थांबलं. पेज भरवणं, कूस बदलणं, चादर ओढून काढणं, हात आपले आपण चालायचे. कुणी विचारलं, "कसे आहेत?" तर ती म्हणायची, "आहेत तसेच." स्वतःबद्दल विचारलं असतं तरी तिने तेच सांगितलं असतं.

अशातच संग्रहालयाच्या काचघरातल्या एका झुडपाला कळ्या धरल्या. समुद्राकडच्या कड्यावरून आणलेलं ते झुडूप माळ्याने वर्षानुवर्षं जपलं होतं, पण पानांखेरीज त्याने कधी काही दाखवलं नव्हतं. कड्यावरून आणून वाळवलेलं त्याच्या जातीचं फूल काळं पडायचं, त्यामुळे त्याचा खरा रंग संग्रहालयात कुणालाच ठाऊक नव्हता. आता एक कळी सोडून बाकीच्या गळून गेल्या.

"उद्या उजाडताना उमलेल आणि ऊन चढलं की गळेल," माळी म्हणाला. "बाई, लवकर या. ते काही आपली वाट बघायचं नाही."

ती आली तेव्हा फूल अर्धं उघडलं होतं. तिने स्टूल ओढलं, पेन्सिलीने बाह्यरेषा धरली आणि रंग कालवायला घेतले. पाकळ्या पाच. बाहेरून दुधाळ, आतून हिरव्या शिरांच्या, आणि गळ्याशी असा एक पिवळा की तो उजेडाबरोबर बदलत चालला होता. तीन पाकळ्या रंगवून झाल्या आणि फोन वाजला.

"वहिनी," नणंद म्हणाली आणि थांबली. "दादा गेला गं. पाणी पाजायला गेले तर…"

"बरं," भिंगबाई म्हणाली.

"येतेस ना?"

"येते."

तिने फोन पालथा ठेवला. कुंचला पाण्यात बुडवला, फडक्याला टिपला.

"कुणाचा फोन?" माळ्याने विचारलं.

"घरचा."

मग तिने चौथी पाकळी घेतली. आपण का उठत नाही, हे तिला कळत नव्हतं. उठायला हवं हे मात्र तिला स्वच्छ कळत होतं, शेजाऱ्यांच्या घरातलं काही कळावं तसं. पाचवी पूर्ण झाली. ऊन काचेवर आलं आणि फूल पानांवर आपटत खाली पडलं. तिने ते उचललं, पात्याने उभं कापलं, आतले केसर आणि बीजकोश चित्राच्या कडेला रेखाटले. कुंचले धुतले, चित्रावर पातळ कागद घातला आणि बस पकडून घरी गेली.

दारात चपलांचा ढीग होता. "कुठे होतीस?" नणंदेने विचारलं.

"काम होतं."

त्या दोन शब्दांनी घर पेटलं. नवऱ्याच्या आत्याबाईंनी तर येईल-जाईल त्याला ऐकवलं, "नवरा गेला आणि ही फुलं रंगवत बसली!" सगळं आटोपल्यावर भिंगबाई कामावर गेली. नणंद घरातच राहिली, पण बोलणं ताटापुरतं उरलं. दोघी एकाच ओट्यापाशी पाठ फिरवून उभ्या राहायच्या.

महिनाभराने नणंद न सांगता संग्रहालयात आली. "मला ते बघायचंय," ती म्हणाली.

भिंगबाईने कपाटातून चित्र काढून टेबलावर ठेवलं, वरचा कागद दूर केला. नणंद उभ्यानेच बघत राहिली.

"फोन आला तेव्हा कुठवर झालं होतं?"

भिंगबाईने बोट ठेवलं. "या तीन झाल्या होत्या. या दोन नंतरच्या."

नणंदेने वाकून बघितलं. मग हात पुढे केला. भिंगबाईने गळ्यातलं भिंग काढून तिच्या हातावर ठेवलं. नणंद एकेका पाकळीवरून ते फिरवत राहिली, शिवणीचा टाका तपासावा तसं.

"काहीच फरक नाही गं यात," अखेर ती म्हणाली.

"नाही. मीही शोधला," भिंगबाई म्हणाली. "रोज शोधते."

नणंदेने पातळ कागद स्वतःच चित्रावर सारखा केला. "डबा खाल्लास का?" तिने विचारलं. खाल्ला नव्हता. दोघींनी तो तिथेच बसून खाल्ला.

त्यानंतर कुणी विषय काढलाच, तर नणंद फणकारायची, "ती काय करणार? साहेबाने सोडलंच नाही तिला!" हे धादांत खोटं होतं. संग्रहालयाच्या साहेबांना तर त्या दिवशी काही पत्ताच नव्हता, आणि कळल्यावर ते बिचारे कितीतरी दिवस तिच्या नजरेला नजर देत नव्हते. पण खानदानभर साहेबांचं नाव खराब झालं, आणि भिंगबाईने ते दुरुस्त केलं नाही.

खंड छापून आला तेव्हा साहेब स्वतः प्रत घेऊन घरी आले. आत्याबाई नेमक्या आलेल्या. त्यांनी साहेबांचं नाव ऐकलं, त्यांना वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि तोंड फिरवून बसल्या, बसा म्हणाल्या नाहीत की पाणी विचारलं नाही. साहेब पुस्तक छातीशी धरून दारातच अवघडून उभे. नणंद स्वयंपाकघरात पदराने तोंड दाबून हसत होती. भिंगबाईने खुर्ची पुढे केली, पाणी आणून दिलं.

"चित्र छान आलंय छापून," साहेब हळूच म्हणाले.

"हो का," ती म्हणाली, आणि त्यांचा पेला रिकामा व्हायची वाट बघत उभी राहिली.