गुन्वोरचे जळके पाव

गुन्वोर हेडलुंडच्या पोटात दर मंगळवारी दुखायचं, आणि तेही खोटं. उत्तर स्वीडनातल्या ब्यूरनेस गावात हे सगळ्यांना ठाऊक होतं, कारण दुखायला निघण्याआधी ती चार घरी सांगून जायची.

गावच्या दवाखान्याला कित्येक वर्षं डॉक्टर नव्हता. होता तो पडद्यावर, दूरच्या शहरातून बोलणारा, आणि बर्फ पडलं की तोही गोठायचा. शेवटी पंचायतीने डोकं लढवलं: परदेशातून आलेले डॉक्टर आणायचे, परवान्याच्या परीक्षेची त्यांची तयारी करून घ्यायची आणि पास झाले की इथेच ठेवून घ्यायचे. सरावाला रोगी हवेत, म्हणून गावातली रिकामी म्हातारी माणसं खोटे रोगी झाली. गुन्वोर त्यांतली पट्टराणी. जन्मभर हौशी नाटकांत मागच्या रांगेत उभी राहिलेली बाई. आता कुठे तिला मुख्य भूमिका मिळाली होती.

ती तिने पुरेपूर वसूल केली. अर्ध्या प्रश्नात बहिरी व्हायची, दुखणं उजवीकडून डावीकडे न्यायची. त्या भागात लोक 'हो' म्हणत नाहीत, नुसता श्वास आत ओढतात. तसा 'हो' म्हणून तिने एका इराकी डॉक्टरला प्राणवायूचं नळकांडं आणायला पळवलं होतं. बिचारा पुढच्याच आठवड्यात गाव सोडून गेला. गुन्वोरने ती गोष्ट अख्खा हिवाळा पुरवून पुरवून सांगितली.

मग आला मुन्झिर. सीरियात मेंदूविकारांचा नावाजलेला डॉक्टर. इथे वृद्धाश्रमात चादरी बदलत अभ्यास करायचा. गावात डॉक्टरलाही अरे-तुरे करतात, पण त्याच्या तोंडून म्हाताऱ्या बाईला 'तू' निघेना. वर्ष संपताना खोटे रोगी त्याच्याबद्दल मत देणार होते; ते चांगलं पडलं, तरच पंचायत त्याला पुढे परीक्षेपर्यंत सांभाळणार होती.

शेवटच्या मंगळवारी गुन्वोर नेहमीप्रमाणे दालचिनीच्या पावांचा डबा घेऊन आली. दोनेक वर्षं तिचे पाव खालून कोळसा होत होते. गाव ते कॉफीबरोबर गिळायचं, 'छान झालेत' म्हणायचं आणि तिची पाठ वळली की हसायचं. तिची जिवाभावाची मैत्रीण माय-ब्रिट आपला पाव खिशात घालून कुत्र्याला न्यायची. कुत्राही विचार करूनच खायचा.

त्या दिवशी गुन्वोरला पित्ताशयात खडे होते. माय-ब्रिट आणि दवाखान्याचा कारभारी लेनार्ट बघायला बसले होते. मुन्झिरने पोट तपासलं, दोन प्रश्न विचारले आणि मग तिच्या चेहऱ्याकडे बघत राहिला.

"जरा चालून दाखवता?"

"पोट दुखतंय माझं! तुमच्याकडे पोट पायात असतं का रे?"

लेनार्ट खो-खो हसला. गुन्वोर ऐटीत चालून आली. डावा हात छान झुलत होता. उजवा मात्र काठी बांधल्यासारखा अंगाशी चिकटलेला.

"तुम्हाला कॉफीचा वास येतो?" मुन्झिरने हळूच विचारलं. "हे नाटकातलं नाही, खरंच विचारतोय. तुमचे पाव दर वेळी जळतात. तुम्हाला वासच येत नसावा. आणि हा हात..."

खोलीत कुणी हसेना.

"माय-ब्रिट, जळतात माझे पाव?"

"छे गं! छान होतात," माय-ब्रिट खिडकीकडे बघत म्हणाली.

त्या बघण्यातून गुन्वोर सगळं समजली. दोन वर्षं गाव आपल्याला हसत होतं! पण अख्ख्या गावाशी भांडण तिला परवडणारं नव्हतं. एका माणसाशी परवडत होतं.

मताच्या बैठकीत ती उभी राहिली. "हुशार असेल, मी कुठे नाही म्हणते? पण रोग्याचं ऐकत नाही. मी पोट म्हणतेय, हा पाव म्हणतोय!"

हशा पिकला. लेनार्टने माय-ब्रिटला विचारलं, "तुझंही हेच मत?" माय-ब्रिटने श्वास आत ओढला.

पंचायतीने हात काढून घेतला. मुन्झिरच्या मुली गावच्या शाळेत रुळल्या होत्या, म्हणून तो गावातच राहिला आणि रोग्यांना शहरातल्या इस्पितळात नेणारी गाडी चालवू लागला. दवाखान्यात पुन्हा पडदा लागला.

गुन्वोरचा हात थरथरायला लागला, तेव्हा पडद्यावरचा डॉक्टर म्हणाला, वय झालं. पाय अडखळायला लागले, तेव्हाही वयच झालं होतं. ती स्वयंपाकघरात पडली, तेव्हा कुठे त्याला कंपवाताची शंका आली आणि त्याने तिला शहरात पाठवायचं ठरवलं.

दारात मुन्झिरची गाडी उभी राहिली.

"बस. पट्टा लाव," तो म्हणाला. अरे-तुरे आता त्याला छान जमत होतं.

जंगल संपता संपेना. बऱ्याच वेळाने तिने विचारलं, "तुला तेव्हाच कळलं होतं ना?"

मुन्झिरने समोर बघत श्वास आत ओढला.

तिने मांडीवरचा डबा उघडला. झाकण हातातून निसटून खाली पडलं. त्याने एक पाव उचलला, काळ्या बुडासकट सगळा खाल्ला.

"कसा झालाय?"

"छान झालाय."

"खरं सांग रे."

"खरंच," मुन्झिर म्हणाला, "छान झालाय."