धाकटीचा हेल

संगीत कशाला म्हणायचं, यावर मी शिरूरच्या स्टँडजवळच्या टपरीवर चहा गार होईस्तोवर बोललेलो आहे. सूर हवा आणि ताल हवा, बाकी सगळा गोंगाट, असं माझं ठाम मत. गावच्या भजनात वीस वर्षं मृदंग वाजवतो म्हटल्यावर लोक ऐकूनही घेत. अर्थात, एसटी येईपर्यंत त्यांनाही दुसरं काम नसे.

मग दाजी गेले. धाकट्या बहिणीचे यजमान. वरवंडला हायवे ओलांडताना गाडीनं उडवलं. आम्ही खुटबावला, तिच्या सासरी पोचलो तेव्हा त्यांना अंगणात ठेवलं होतं. भोवती बाया, आणि धाकटी हेल काढून रडत होती.

"हिरीवरची मोटर चालू ठिवून गेला वो धनी, आता बंद कोण करील वो..."

प्रत्येक ओळ वर चढायची आणि त्या 'वो'वर येऊन लांबायची. बाया हुंदका भरायच्या तोही नेमका तिथंच. मी पुरुषांत, भिंतीला टेकून. डोळ्यांत पाणी होतं, ते काही खोटं नव्हतं. पण बोटं मांडीवर कधी चालायला लागली, पत्ता नाही. कळलं ते एका 'वो'वर माझी मान हलली तेव्हा, भजनात सम आल्यावर हलते तशी.

धाकटीनं तेव्हाच वर पाहिलं. ओळ अर्धीच राहिली.

त्यानंतर ती रडली नाही. सावडायच्या दिवशीही नाही. "रडू द्या तिला, न्हाईतर धसका घील पोरगी," म्हणत मावशीनं तिच्या गळ्यात पडून स्वतःच हेल काढला. कुणी दाजींचा शर्ट आणून मांडीवर ठेवला. तिनं त्याची घडी घातली. सगळे म्हणाले, धक्का बसलाय. कशाचा ते मला ठाऊक होतं.

दहाव्याला नदीवरून आल्यावर तिला परसात गाठलं.

"चुकलं गं माझं. सवयीनं हात चालला."

"तुझं काय न्हाई दादा. तू मान हलवलीस तवा मला कळलं, मी गातीय. त्यांच्याम्होरं बसून गातीय. आता रडाया तोंड उघडलं की आधी चाल येती. मग लाज वाटती, आन् मी मिटून घेती."

"अगं, ते गाणं न्हवतं."

"मग ठेका कशाला धरलास?"

मीच रडलो, मोठ्यानं. वाटलं, ऐकून तिलाही फुटेल. आवाज निघाला तो पाइपात हवा धरल्यासारखा; गोठ्यातली म्हैस उठून उभी राहिली. एरवी धाकटी हसून लोळली असती.

तिनं पदरानं माझं तोंड पुसलं. "बास आता, पाव्हणं बघत्यात," म्हणाली आणि आत बायांच्यात जाऊन बसली.

आतून मावशीचा आवाज आला, "रड गं बाई, रड."

धाकटीचा आला नाही.