तळघरातला श्वास

पुण्यात एका इमारतीच्या तळघरात प्रायोगिक संगीत ऐकायला मैत्रीण मला घेऊन गेली. तिथल्या तरुण कलाकाराने बटण दाबलं आणि खोलीभर घरघर भरली. "हा माझ्या वडिलांचा शेवटचा श्वास," तो म्हणाला. मग त्याने तो श्वास ताणला, उलटा फिरवला, त्यावर ठोके चढवले. लोक डोळे मिटून डोलत होते. माझं डोकंच फिरलं. अशा वेळी माणसाचा हात धरायचा, की त्याच्यापुढे माइक?

मी उभी राहून ओरडले, "वडिलांना विचारलं होतंस?"

"ते शुद्धीवर नव्हते," तो शांतपणे म्हणाला.

"बस ना खाली, लोक बघतायत," मैत्रीण कुजबुजली. लाज तिथल्या सगळ्यांना माझीच वाटत होती. मी एकटीच जिना चढू लागले. खाली त्या श्वासाला टाळ्या पडत होत्या.